भाचीचा अर्ज

परीक्षेत १.९६ गुण मिळाले असे आपल्या घरातील मुलीने येऊन सांगितले, तर आपला चेहरा कसा होईल? माझ्या थोरल्या बहिणीचा कसा झाला, तो मी समोर बसून पाहिला आहे. चेन्नईतील पेरांबूर भागातल्या आमच्या घरी, दिवेलागणीच्या वेळी, तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला आणि तिने विचारले, "कितीपैकी?"

भाची हसली. हे गुण 'कितीपैकी' नसतात, असे तिने सांगितले. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण. जितका आकडा लहान तितका विद्यार्थी मोठा. आपल्याकडील गुण त्या मापात बसवण्याचे एक सूत्र आहे. मिळू शकणाऱ्या सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे; त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतील अंतराने भागायचे; आलेल्या भागाकाराला तिनाने गुणून त्यात एक मिळवायचा. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर परीक्षेत भाचीची सरासरी दहापैकी ८.४ होती, उत्तीर्ण होण्यास ५ लागत. हिशेब केला की १.९६ येतात. ताईने पुन्हा तांदळात हात घातला, परंतु तिची शंका काही पुरती फिटली नाही. "इकडचे आठ तिकडे दोन होतात," ती म्हणाली, "आणि हिला तिकडेच जायचे आहे!"

आम्ही मूळच्या लातूरच्या. मेहुणे पेरांबूरच्या रेल्वे डबे बनवण्याच्या कारखान्यात नोकरीस होते, म्हणून ताईचा संसार इकडे झाला. २०१६ साली ते अकस्मात गेले, आणि एम. ए. चा अभ्यास मध्येच टाकून मी ताईच्या सोबतीला आले. माझे शिक्षण बी. ए. वर थांबले ते तेव्हा. पुढे अनुवाद आणि संपादन हेच पोटापाण्याचे काम झाले. ज्या एप्रिलमध्ये मी लातूर सोडले, त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तीनच वर्षांनी, १२ जुलै २०१९ रोजी, जोलारपेटहून पन्नास टाक्यांची गाडी चेन्नईस आली, आणि ती उतरली कोठे, तर आमच्या शेजारच्या विल्लिवाक्कम स्थानकात. पाण्याची गाडी माझ्या मागे मागे आली, असे मी तेव्हा थट्टेने म्हणत असे. थट्टा करण्यासारखे दिवस मात्र ते नव्हते. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव त्या उन्हाळ्यात आटले होते. भाची नुकतीच बारावी झाली होती. रात्री दोन वाजता टँकर येई आणि प्लॅस्टिकचे रंगीत कुडम घेऊन रांगेत उभे राहण्याची पाळी तिची असे.

तिच्या पुढील अभ्यासाचा विषय त्या रांगेत ठरला, असे लिहिणे मला सोपे आहे आणि ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु याच एका वाक्यावरून आमचे दोघींचे चांगले भांडण झाले. ते पुढे सांगेन.

तिचा विषय आहे किनाऱ्यालगतच्या भूजलात शिरणारे समुद्राचे पाणी. चेन्नईच्या उत्तरेस मींजूर नावाचे गाव आहे. शहरासाठी आणि कारखान्यांसाठी तेथील जमिनीतून दशकानुदशके पाणी उपसले गेले, आणि उपसलेल्या गोड्या पाण्याची जागा जमिनीखालून सरकत आलेल्या खाऱ्या पाण्याने घेतली. समुद्र डोळ्यांना होता तेथेच दिसतो. विहीर मात्र कित्येक किलोमीटर आत खारी होते. त्याच मींजूरला २०१० साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, दिवसाला दहा कोटी लिटर क्षमतेचा कारखाना उभा राहिला, हा त्यातला एक विचित्र योग. या विद्येचे एक मूळ सूत्र असे आहे की, समुद्रसपाटीच्या वर भूजलाची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणजे वरची पातळी एका हाताने उतरली की खालून चाळीस हात खारे पाणी वर येऊ पाहते. हे सूत्र हॉलंडमधील बादोन गाइबेन आणि जर्मनीतील हेर्ट्सबेर्ग या दोघांच्या नावाने ओळखले जाते. हेर्ट्सबेर्गने आपला लेख १९०१ साली प्रसिद्ध केला, आणि तो होता उत्तर समुद्राकाठच्या स्नानस्थळांना पिण्याचे पाणी कसे पुरवावे याविषयी. मींजूरच्या विहिरी मोजणाऱ्या मुलीने जर्मनीकडे पाहावे, याचे कारण हे आहे. नुसती परदेशाची हौस असती तर मीच आड आले असते.

आता अर्जाविषयी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न कधीतरी निघेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जर्मनीत डॉक्टरेटसाठी प्रवेश घेणे म्हणजे आपल्यासारखे एखाद्या वर्गात नाव घालणे नव्हे. जुनी रीत अशी की, विद्यार्थ्याने आपला प्राध्यापक स्वतः शोधायचा, त्याला विषय पटवायचा, आणि त्याने हो म्हटले की मग विद्यापीठाकडे वळायचे. या मार्गदर्शकाला ते लोक 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टर-पिता. बाई असल्यास 'डॉक्टरमुटर', डॉक्टर-माता. नवी रीत अशी की, विद्यापीठे किंवा माक्स प्लांक संस्थेसारख्या संशोधनसंस्था आपापल्या संशोधनशाळा चालवतात, जागांची जाहिरात देतात, मुलाखती घेतात आणि दहा-पंधरा जणांना एकदम निवडतात. दोन्ही रीतींत सरकारी विद्यापीठे सामान्यतः शिक्षणशुल्क घेत नाहीत. सत्राची वर्गणी तेवढी द्यावी लागते. खरा प्रश्न पोटाचा असतो. तो दोन प्रकारे सुटतो. एक, शिष्यवृत्ती, १९२५ साली स्थापन झालेली जर्मन विद्यापीठीय विनिमय संस्था, जिला तिच्या आद्याक्षरांवरून 'डाड' म्हणतात, ती यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरा प्रकार नोकरीचा. विद्यार्थ्याला 'वैज्ञानिक सहकारी' म्हणून नेमतात आणि राज्य सरकारच्या वेतनकरारातील तेराव्या श्रेणीत पगार देतात. मात्र बहुधा पूर्ण नव्हे, निम्मा किंवा ६५ टक्के किंवा असाच काही भाग. काम पूर्णवेळ, पगार अपूर्ण, अशी तिकडच्या मुलांचीही तक्रार आहे, आणि ती मला रास्त वाटते. स्वखर्चाने शिकायला जाणाऱ्याला मात्र वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात, असा २०२४ पासूनचा आकडा आहे. रेल्वेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला तो मार्ग मोकळा नव्हता. म्हणून नोकरीची जागा, नाहीतर काही नाही, असे आम्ही आरंभीच ठरवले.

मध्यंतरी एका सल्लागाराकडेही आम्ही जाऊन आलो. गुळगुळीत टेबल, भिंतीवर किल्ल्यांची चित्रे. त्याने ऐंशी हजार रुपये सांगितले आणि चाळीस प्राध्यापकांना पत्रे पाठवून देण्याची हमी दिली. भाचीने विचारले, "चाळीस जण खाऱ्या भूजलावर काम करतात का?" तो म्हणाला, "मॅडम, पत्र एकच असते." आम्ही चहा घेऊन परत आलो. पुढे तिने एकूण पाचच ठिकाणी लिहिले. प्रत्येक ठिकाणच्या प्राध्यापकांचे निबंध आधी वाचले, आणि प्रत्येक पत्र वेगळे लिहिले. त्यांतल्या तिघांनी उत्तरच दिले नाही. हेही सांगून ठेवलेले बरे.

शिफारसपत्रांची कथा अशीच आहे. दोन शिक्षकांची पत्रे लागतात. एका गुरुजींनी चारच दिवसांत दिले. दुसरे म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हा रिवाज आपल्याकडे किती रूढ आहे, हे शिकलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. भाची संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, तू संपादक आहेस. माझी स्तुती तू लिही." मी नाही म्हटले. नाही म्हणणे सोपे होते, परंतु पत्राची मुदत जवळ येत होती आणि मुलीचे तोंड उतरले होते, तेव्हा मलाही रात्री झोप लागली नाही. शेवटी तिने एका कागदावर नुसत्या घडलेल्या गोष्टी लिहिल्या: किती विहिरी मोजल्या, कोणत्या महिन्यांत, कोणते यंत्र बिघडले आणि तिने ते कसे दुरुस्त केले. तो कागद गुरुजींना देऊन ती म्हणाली, "सर, दोनच ओळी लिहा, पण आपल्या लिहा." अकरा दिवस लागले. ओळी चार आल्या. परंतु त्या इतक्या नेमक्या होत्या की, मी लिहिलेल्या दोन पानांना त्यांची सर आली नसती.

आणि आता ते भांडण. अर्जासोबत आपण हा विषय का निवडला, हे सांगणारे एक पत्र द्यावे लागते. भाचीच्या पहिल्या मसुद्यात पाण्याविषयीची बालपणापासूनची तळमळ होती, मानवजातीचे कल्याण होते, आणि 'अत्यंत' हा शब्द सात वेळा होता. मी लाल पेन्सिलीने ते सारे खोडले आणि समासात लिहिले, 'रात्री दोनचा टँकर कोठे आहे?' तिने ते वाचले आणि तिचा चेहरा कठीण झाला. ती म्हणाली, "मावशी, त्यांनी मला माझ्या आकड्यांसाठी घ्यावे. माझ्या कुडमांसाठी नको." मी म्हटले की खरे तेच लिहायचे आहे, यात लाचारी कसली? ती म्हणाली, "खरे आहे म्हणूनच ते विकायला काढायचे नाही." दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरते बोललो. मी इतरांची वाक्ये दुरुस्त करून संसार चालवते. एखाद्या वाक्यावर ते लिहिणाराचा हक्क माझ्यापेक्षा मोठा असतो, हे मला त्या दोन दिवसांत पुन्हा शिकावे लागले. तिसऱ्या दिवशी तिने नवा मसुदा आणला. त्यात मींजूर आणि पोन्नेरी यांच्या मधल्या चौतीस विहिरी होत्या, ईशान्य मोसमी पावसाच्या आधीचे आणि नंतरचे क्षारांचे मोजमाप होते, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य होते: २०१९ साली आमच्या गल्लीत एकोणीस दिवस नळाला पाणी आले नाही. रांग नाही, कुडम नाही, रात्र नाही. मी एका स्वल्पविरामाशिवाय काही बदलले नाही.

त्या सुमारास मी इरावती कर्वे यांच्याविषयी पुन्हा वाचत होते. मराठी घरातून जर्मनीस डॉक्टरेटसाठी गेलेली बाई म्हटली की पहिले नाव त्यांचेच आठवते. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. महर्षी कर्वे हे त्यांचे सासरे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या पुरुषालाही सुनेने इतक्या दूर जाणे पसंत नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी मात्र आग्रहाने पाठवले. पैसा जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिला. वेतन नव्हते, बंद खातेही नव्हते, कर्ज होते. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा इरावतीबाईंना दिलेला विषय. त्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे आणि युरोपीय कवटी इतरांहून वेगळी ठरते, अशी गुरूंची धारणा होती. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले की, तसा काही संबंध आढळत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्या गुरूच्या मताविरुद्ध! हाच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविज्ञानाचा मोठा आधार ठरला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोजमापाचे मोल कळते. पदवी त्यांना मिळाली. गुण मात्र फार उदारपणे मिळाले नाहीत.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ताई भाजी चिरत होती. तिने सगळे ऐकून एकच विचारले, "सासऱ्यांचा राग किती वर्षे टिकला?" मला तेवढेच ठाऊक होते की, १९२९ साली महर्षी स्वतः युरोपच्या प्रवासाला निघाले आणि बर्लिनलाही त्यांनी व्याख्याने दिली. ताईने मान हलवली. ती स्वतःविषयी विचारीत होती, हे मला त्या रात्री उशिरा उमगले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध तंजावरी मराठी गृहस्थ राहतात. त्यांची मराठी ऐकताना तीनशे वर्षांपूर्वीचे कोणी बोलते आहे असा भास होतो. त्यांना हे जर्मनीचे कळले तेव्हा ते मुळीच चकित झाले नाहीत. "आमच्या सरफोजी महाराजांचा गुरूच जर्मन होता," ते म्हणाले. ते खरेच आहे. १७५० साली तरंगमबाडीस आलेला श्वार्ट्झ हा पाद्री दुसऱ्या सरफोजीचा पालक आणि शिक्षक होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्याने ग्रंथांचे वैभव दिले तो मराठा राजा जर्मन गुरूच्या हाताखाली वाढला, आणि त्याच्या शिक्षणाचा काही काळ याच मद्रासेत गेला. शिवाय अड्यारच्या बाजूला, हरणे चरतात त्या रानात उभी असलेली आय. आय. टी. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्यानेच निघाली. जर्मनी या शहराला परका नाही, असे आजोबांचे म्हणणे. ताईला मात्र श्वार्ट्झ परत मायदेशी गेला की नाही, एवढेच हवे होते. तो गेला नाही. १७९८ साली तंजावरातच वारला. हे आजोबांनी सांगायला नको होते.

१८ मार्च २०२५ रोजी पहिला नकार आला. सभ्य, तीन ओळींचा. २६ मार्चला उत्तर जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठाची मुलाखत झाली. तिकडचे सकाळचे दहा, आमचे दुपारचे अडीच. संगणकासमोर भाची, दार लोटून बाहेर आम्ही दोघी, आणि शेजारच्या बांधकामाचा आवाज. प्राध्यापिकाबाईंनी तिला विहिरींचे प्रश्न विचारले. चौतीसच का, दक्षिणेकडच्या का नाहीत, यंत्राची चूक किती धरली. मग त्यांनी स्वतःची एक आकृती दाखवून मत विचारले. भाचीने सांगितले की ही आकृती वर्षभर सारखा पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला लागू पडेल. जेथे वर्षाचा बहुतेक पाऊस तीन महिन्यांत कोसळतो तेथे ती चुकेल. पलीकडे काही क्षण कोणी बोलले नाही. बाहेर येऊन ती रडू लागली. "मी त्यांनाच चूक म्हटले," ती म्हणाली.

इकडे चेन्नईतील एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. पगार चांगला, घर राहत्या जागी, आणि उत्तराची अंतिम तारीख ३१ मार्च. भाचीच्या मित्रमैत्रिणींचा सल्ला एकमुखी होता: आता होकार दे, तिकडचे जमले तर ऑगस्टमध्ये राजीनामा टाक, सगळे असेच करतात. मीही, खरे सांगते, गप्प राहिले. हातची नोकरी सोडून दे असे कोणत्या तोंडाने सांगावे?

३० मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी ताईने गॅलरीत गुढी उभारली, खालच्या तेलुगू शेजारणीने उगादीची पच्चडी आणून दिली, आम्ही कडुलिंब खाल्ला. दुपारी पाने वाढून झाल्यावर ताई म्हणाली, "मोडायचाच असेल तर होकार देऊ नकोस. तुझ्या बाबांनी तीस वर्षांत एकदाही खोटी रजा घेतली नाही." भाची म्हणाली, "आई, आणि तिकडचेही नाही आले तर?" ताई म्हणाली, "तर पुन्हा शोधू. मी आहे, मावशी आहे." मग तिने श्रीखंड वाढले. तिने स्वतः मात्र पानावर काही खाल्ले नाही.

नकाराचे पत्र त्याच रात्री गेले. पुढचे दहा दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

९ एप्रिलला प्राध्यापिकाबाईंचे उत्तर आले: तीन वर्षे, ६५ टक्के वेतन, १ ऑक्टोबरपासून. पावसाच्या आकृतीविषयी त्यांनी एक ओळ लिहिली होती. त्यावर आपण सविस्तर बोलू, असे. 'डॉक्टरमुटर' या शब्दाचा अर्थ मी ताईला पूर्वीच सांगितला होता. ती म्हणाली, "म्हणजे ही बाई तिथे रागवायला आहे," आणि पदराने डोळे पुसून देवापुढे साखर ठेवायला गेली.

मेअखेरीस करारपत्र आले, जर्मन भाषेत, दीड पान. नुंगम्बाक्कमच्या माक्स म्युलर भवनात मी काही वर्षांपूर्वी दोन सत्रे जर्मन शिकले होते. ती पुंजी फार नव्हती, पण कोश होता. दीड पानात खरे तर थोडेच होते. बाकी सर्व त्या राज्यांच्या सामूहिक वेतनकराराप्रमाणे, एवढाच उल्लेख. मग तो सामूहिक करारही काढला, आणि रोज रात्री जेवणानंतर मी एकेक कलम ताईला मराठीत वाचून दाखवू लागले. रेल्वेच्या नियमांत आयुष्य गेलेल्या त्या बाईला श्रेणी, टप्पे, भविष्यनिधी हे समजावून सांगावे लागत नव्हते. वर्षाला तीस दिवसांची रजा ऐकून ती म्हणाली, "म्हणजे दिवाळीला येईल."

चौथ्या रात्री तिने विचारले, "आजारी पडली तर?"

मी कलम शोधले. आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहील, आणि त्यानंतर आरोग्यविम्यातून भत्ता मिळेल, असे त्यात होते. भाची तिच्या खोलीत पेटीचे वजन करीत होती. ताईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तेवढे पुन्हा वाच," ती म्हणाली, "सावकाश."